आपल्या बोलीतली किंकाळी

"खरं सांग व्होयटा, माझी किंकाळी रेडिओवर आली की माणूस जागचा उठतो का?"

"उठतो की."

"कशापायी?"

"आवाज बारीक कराया."

रोझारा हसली नाही. एरवी असलं काही बोललं की ती मांडीवर थाप मारून खिदळायची, आणि तिचं खिदळणंही असं, की पलीकडच्या खोलीतला बातम्या वाचणारा दार उघडून डोळे वटारायचा. त्या दिवशी तिनं माझ्या हातातला कोबीचा गड्डा काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "गावाकडं मी डुकरांना हाक मारायची, तवा डुकरं यायची. लांबनं यायची, चिखलातनं यायची, तोंडातलं टाकून यायची. आन् हितं माणसं..."

मी गड्डा परत उचलला. त्या आठवड्याच्या नाटकात एका वकिलाचं डोकं फुटायचं होतं, आणि डोकं फुटल्याच्या आवाजाला कोबीसारखी दुसरी चीज नाही. कलिंगड फार ओलं वाजतं.

आम्ही दोघं नेब्रास्कातल्या एकाच गावचे, नोव्हा ल्होताचे. गावाचं नाव आमच्या आज्या-पणज्यांनी जुन्या देशातनं आणलेलं, मका मात्र इथला. घरात, गोठ्यात, देवळात सगळीकडं चेक बोली. इंग्रजी फक्त मास्तरपुरती आणि तपासणीला येणाऱ्या साहेबापुरती, आणि तीही आम्ही अशी बोलायचो की ऐकणाऱ्याला वाटावं मळणीच चाललीय. रोझारा ही हान्झलांची थोरली. अंगानं आडवी, मनगटं बाप्यासारखी. जत्रेत डुकरांना हाक मारायच्या शर्यती लागायच्या, त्यात ती एका साली पहिली आली आणि बक्षीस म्हणून तिला एक पिल्लूच मिळालं. पुढं भावानं बायको आणली. एका चुलीवर दोघींचं जमेना, तशी ही गाठोडं बांधून शिकागोला आली आणि एका लाँड्रीत हॉटेलच्या चादरी दाबायला लागली. दोन तापलेले रूळ, मधनं ओली चादर घालायची, पलीकडनं कोरडी निघायची. दिवसभर वाफ.

मी तोवर रेडिओत चिकटलो होतो. दारं करकरवणं, घोडे पळवणं, काचा फोडणं, बर्फातनं माणूस चालवणं, हे माझं काम. 'मागचा जिना' म्हणून आमचा खेळ असायचा दर गुरुवारी संध्याकाळी, साबणाच्या एका कंपनीच्या पैशावर. दर गुरुवारी कुणीतरी मरायचं, आणि साबणवाल्यांच्या मर्जीनं ते बहुतेक बाईमाणूस असायचं. आता पेच असा, की नटीनं एकदा जीव तोडून किंकाळी फोडली की तिचा घसा बसतो. मग पुढचं रडणं कोण रडणार? म्हणून किंकाळी बाहेरनं आणायची. आमचे पेनरोज साहेब त्यासाठी पोरी तपासून तपासून कंटाळले होते. कुणी शिट्टीसारखी ओरडायची, कुणी मांजरासारखी. मी म्हणालो, साहेब, आमच्या गावची एक आहे.

रोझारा आली ती लाँड्रीच्या कपड्यांतच. तिनं माईकसमोर तोंड उघडलं आणि काचेपलीकडच्या तंत्रज्ञानं कानावरचं काढून फेकलं. साहेब म्हणाले, "बाई, हे तुम्ही कुठं शिकलात?"

"डुकरांच्यात," रोझारा म्हणाली.

तेव्हापासून दर गुरुवारी ठरलेलं. मिस लोरिंग म्हणायची, "नको, नको, जवळ येऊ नका," आणि पाऊल न वाजवता बाजूला सरायची. रोझारा पुढं व्हायची, किंकाळी मारायची, मागं सरायची. लोरिंगबाई परत पुढं येऊन हुंदके द्यायची. मरायची एक, ओरडायची दुसरी, आणि मी माझ्या कोपऱ्यात कुणाचं तरी डोकं फोडायचो.

शिकागोतल्या आमच्या चेक लोकांच्या पिल्सेन वस्तीत ती राहायची ते घर तीन मजली, पुढनं विटांचं आणि मागनं सगळं लाकूड. मागच्या बाजूला लाकडी जिना आणि प्रत्येक मजल्याला सज्जा, मध्ये चौक. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या, आणि गुरुवारी संध्याकाळी एकच नाटक सगळ्या खिडक्यांतनं चौकात सांडायचं. ज्याच्याकडं रेडिओ नाही त्यानं पायरीवर बसायचं. आपल्या घरातली पोरगी साऱ्या देशाला घाबरवते, ह्याचा त्या घराला काय तो रुबाब होता. सुरुवातीला रोझारा उशीत तोंड खुपसून सराव करायची. दुसऱ्या मजल्यावरच्या कुबाटबाईनंच तिला रागे भरलं.

"उशी कशाला गं? वरड की मोकळ्यानं. बेस्तरवारी काय मिळणार हाय ते आम्हास्नी आधी कळू दे."

मग रोझारा मोकळ्यानं ओरडायला लागली. आठवडाभरातच कुणी बटाटा सोलताना हात थांबवेना. पोरंसुद्धा पाळण्यात झोपलेली राहायची.

तळमजल्यावर मागच्या अंगाला पाव्हला सेडलाक राहायची. एकटी विधवा. हंसांची पिसं सोलायची. देठ काढून मऊ तेवढी लव वेगळी करायची आणि गाद्या-उश्यांसाठी विकायची. सणाच्या आधी लोक तिच्याकडं पिसं उपटलेले हंस घेऊन यायचे. अंगावरची उरलेली बारीक लव ती शेगडीच्या जाळावर जाळून द्यायची. त्यामुळं तिच्या दाराशी जळक्या पिसांचा वास कायम. रेडिओ तिच्याकडं नव्हता. ती गुरुवारी काम दाराशी घेऊन बसायची आणि रोझाराला म्हणायची, "तू वरडलीस की माझी टोपल्यातली पिसं उडत्यात बघ. येवढी लव मी पुन्हा कुणाच्या पोटातनं काढू?"

एका रविवारी सगळ्याजणी जिन्यावर बसल्या होत्या. कुबाटबाई म्हणाली, "इतक्या बाया मारल्या तुमच्या साहेबानं, पर एकबी आपली न्हाई. समद्या इंग्रजीत मरत्यात. आपल्या बोलीत कुणी मरतंच न्हाई व्हय गं रेडिओवर?"

"तू मर की," पाव्हला म्हणाली. "तुला मराया बी रेडिओ लागतोय."

हशा झाला. रोझारा म्हणाली, "थांबा, एक दिस आपल्या बोलीत वरडते. साहेबाला काय कळतंय? तुमास्नी तेवढं कळंल."

बोलता बोलता बोलली. पण घरानं ते धरून ठेवलं. दर गुरुवारी ती कामाला निघाली की कुणीतरी सज्ज्यातनं विचारायचं, "आज व्हय गं?" आणि ती ओरडून सांगायची, "आयकत ऱ्हावा!"

जूनच्या त्या गुरुवारी तिनं किंकाळी मारली ती नेहमीचीच, शब्दाशिवायची. चांगली झाली. ऑर्गनवाल्यानं तिच्या मागनं सूर चढवला, मी दार आपटलं, साबणाचं गाणं झालं, आम्ही घरी गेलो. रोझारा पुढच्या दारानं गेली आणि झोपली.

सकाळी लाँड्रीला निघाली तर कुबाटबाई जिन्यात उभी. हात धुतलेले नव्हते, कणीक लागलेली, त्याच हातांनी तिनं रोझाराचं तोंड धरलं.

"पाळलास गं शबूद! पयली झाली ती झाली, पर दुसरी! काटा आला अंगावर. आमच्या ह्यांनी तर टाळी वाजीवली. वरच्या बी समद्यांनी वाजीवली."

"दुसरी कंची?"

"आगं, दुसरी की. आपल्या बोलीतली."

रोझारा मला सांगायची, की त्या क्षणाला तिला पहिल्यांदा वास आला. म्हणजे आला असेल आधीच, जिन्यात तो नेहमीच असायचा. पण आता तो पिसांचा वाटला नाही. ती खाली उतरली. पाव्हलाचं दार आतनं लावलेलं. कुबाटबाई वरनं म्हणत होती, "निजली आसंल, तिला कशाला उठवतीस?" रोझारानं खांदा लावला.

दार लावून शेगडीवर हंसाची लव जाळताना बाही पेटली असावी. ती दाराकडं सरपटत आली होती, पण कडी वर होती. घराला आग लागली नाही. टोपलीतली पिसं जशीच्या तशी होती. दार उघडलं त्या वाऱ्यानं ती उठली आणि चौकात पसरली.

पाव्हलाला पुरलं. घरानं पैसे जमवून चांगली पेटी घेतली, बँड लावला, नंतर डुकराचं मांस आणि कोबी शिजवून जेवण घातलं. त्यात काही कमी पडलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून घरात कुणाला काही ऐकूच आलं नव्हतं. कुबाटबाई म्हणाली, मी टाळीचं बोललेच नव्हते. वरचा शिंपी म्हणाला, त्या दिवशी माझा रेडिओ बंद होता. ज्यांनी सकाळी रोझाराची वाट बघत शाबासकी तयार ठेवली होती, ते तिला बघून दारं लोटून घ्यायला लागले. आणि पिसं जाईनात. जिन्यावर, दांडीवरच्या कपड्यांना, दुधाच्या भांड्यावर. कुणाच्या सूपमध्ये पीस निघालं की ते न बोलता चमच्यानं बाजूला काढायचं आणि जेवत राहायचं. एक बाई मला म्हणाली, रात्री चौकात कुणी खोकलं तरी मी कानात बोटं घालते, आणि मग बोटं घातली म्हणून झोप येत नाही.

रोझारा दारोदार फिरली. तिला एकच विचारायचं होतं: पाव्हला नेमकं काय म्हणाली? साऱ्या घरानं ते ऐकलं होतं, आणि खरी-खोटी किंकाळी ओळखणारी एकटी ती, तीच तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला माईकसमोर उभी होती. कुणी सांगेना. शेवटी कुबाटबाईच्या नवऱ्यानं, म्हाताऱ्या कुबाटनं, तिला कोळशाच्या खोलीत गाठलं. टोपी काढली.

"पेटले गं, या गं कुणी. आसं म्हणाली. दोनदा. दुसऱ्या बारीला बारीक. आन् मी टाळी वाजीवली, पोरी. मला वाटलं, आमच्यासाठी म्हणून आपल्या बोलीत वरडलीस."

"रेडिओवर आपल्या बोलीत आजवर कुणी मेलंय का, बाबा?"

"न्हाई. म्हणून तर लई भारी वाटलं."

त्यानंतरच्या तालमीत रोझाराच्या तोंडातनं किंकाळी निघाली नाही. लोरिंगबाई सरली, ही पुढं झाली, तोंड उघडलं, छाती भरली, आणि नुसता वारा निघाला. परत केलं, परत वारा. साहेबांनी काचेपलीकडनं घड्याळ दाखवलं. मग बाहेर येऊन मला बाजूला घेतलं, म्हणजे तिला ऐकू जाईल इतकंच बाजूला. "आज संध्याकाळी जमलं नाही, तर पुढच्या आठवड्यापासून ती मांजरासारखी ओरडणारी मुलगी घेऊ. मला वाईट वाटतं, पण बाई मेली हे ऐकणाऱ्याला कळायला नको का?"

माणूस जागचा उठतो का, हे तिनं मला विचारलं ते त्याच दुपारी, आणि मी आवाज बारीक करायचं बोललो तेही तेव्हाच. ती माझ्या टेबलाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "आज बेस्तरवार. घरात रेडिओ लावतील का रं?"

"लावतील की. माणूस मेलं म्हणून बेस्तरवार थांबत न्हाई."

"मग मला बघायचंय."

"काय?"

"उठत्यात का. येवढंच. किंकाळीचं काम ग्येलं तर जाऊ दे, चादरी हायत मला. पर त्या घरात मला निजायचं आसंल तर मला कळाया पायजे, का मी वरडले तर कुणी उठंल. कुबाटीण वरडली तर मी तरी उठंन का."

मी तिला थांबवलं नाही.

संध्याकाळी वकिलाचं डोकं फुटलं. लोरिंगबाई "नको, नको" म्हणून सरली. रोझारा पुढं आली. नेहमी ती तोंड वर करायची, गावाकडं टेकडीकडं बघून हाक मारायची तशी. त्या दिवशी तिनं मान खाली घातली आणि माईकच्या खाली, जणू तळमजल्यावरनं आवाज यावा तसं, म्हणाली: "पेटले गं! या गं कुणी!" किंकाळी नव्हतीच ती. मोठी होती, पण तिच्यात कसब नव्हतं. शेवटाला फाटली. ऑर्गनवाल्याचे हात पट्ट्यांवरच राहिले. लोरिंगबाईला पुढं येऊन हुंदके द्यायचे होते, ती जागच्या जागी खरंच रडायला लागली आणि तिचं वाक्य राहून गेलं. मी दार आपटलं, कारण काहीतरी आवाज व्हायला हवा होता.

मग रोझारा दुसऱ्यांदा म्हणाली. बारीक. ते कागदावर नव्हतं.

आम्ही दोघं मिळून गेलो. ट्राममध्ये ती सारखी हात पुसत होती. या वेळी ती पुढच्या दारानं गेली नाही, गल्लीतनं मागं आली. नुकता अंधार पडत होता. वरच्या खिडक्यांतनं कुठल्यातरी नाचगाण्याचं वाजत होतं, पण खिडकीत कुणी नव्हतं. सगळं घर खाली चौकात होतं. अनवाणी, अर्धं जेवलेलं. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या हातात सूपचं पातेलं, शिंप्याकडं बिअरचा जग. पाव्हलाची खोली घरमालकानं कुलूप लावून ठेवली होती. कुलूप तोडून पडलं होतं आणि दार उघडं. आत रिकाम्या खोलीत घोट्याएवढं पाणी. ओली पिसं भिंतींना चिकटलेली, वरपर्यंत. चूल नाही, खाट नाही, माणूस नाही, आणि इतकं पाणी.

कुणी कुणाकडं बघत नव्हतं. त्यांना कधीच कळलं होतं की आवाज रेडिओतनं आला. तरी वर जायचा धीर कुणाला होईना. पहिल्यांदा जो जाईल त्यानं जणू पाव्हलाला पुन्हा सोडलं असतं.

कुबाटबाईनं रोझाराला बघितलं. तिच्या बादलीत अजून पाणी होतं. ते तिनं सगळंच्या सगळं रोझाराच्या अंगावर फेकलं.

"सटवे! मेलेल्या बाईच्या तोंडातलं काढलंस! लाज न्हाई वाटली?"

रोझारा उभी राहिली. केसांतनं पाणी गळत होतं. "उठलीस नव्हं?"

"उठले! पायात काय घालाया बी थांबले न्हाई! ह्यांच्या अंगावर रस्सा सांडला. समदी उठलो. कशाला उठलो? कुणासाठी?"

"माझ्यासाठी उठलीस आसं समज."

"तुझ्यासाठी कुत्रं उठंल!" असं म्हणून कुबाटबाईनं बादली आपटली. मग थोड्या वेळानं, त्याच रागात, अंगातला एप्रन सोडून तिच्याकडं फेकला. "पूस. न्युमोनिया झाला तर तुला बी पेटी आम्हीच घ्यायची का?"

म्हातारा कुबाट तेवढ्यात आत गेला होता. झाडू घेऊन तो पाणी बाहेर लोटायला लागला. मग शिंपी गेला. मग बाकीचे. त्या रात्री त्यांनी ती खोली कोरडी केली आणि भिंतीवरची पिसं एकेक करून खरवडली. बोलणं फार झालं नाही. पण दोनदा कुणीतरी म्हणालं, "तिचा आवाज मला ऐकू आला व्हता," आणि दुसऱ्यानं "मला बी" म्हटलं. इतके दिवस न ऐकलेलं तिथं एकेकाला ऐकू आलं. मला विचाराल, तर त्यानं त्या घराचं भलं झालं की नाही ते सांगता यायचं नाही. शिंपी महिन्याभरात दुसरीकडं राहायला गेला. त्या खोलीला भाडेकरू फार दिवस मिळाला नाही, आणि गुरुवारी त्या वेळेला चौकात पायरीवर बसायची पद्धत मोडली ती मोडलीच.

पुढच्या तालमीला मला वाटलं होतं, साहेब तिला हाकलतील. साहेब दारातच उभे होते, हात चोळत.

"रोझी, ते काय होतं? कुठली भाषा? साबणवाल्यांचा फोन आला, लोकांचे फोन आले. एका बाईनं म्हणे ताट टाकलं हातातलं! आता दर आठवड्याला हेच. बाई कुठलीही असो, मरताना हेच ओरडेल. पैसेही वाढवतो."

"न्हाई साहेब."

"का?"

"साधी पायजे तर घ्या. पायजे तेवढी घ्या. लांब, आखूड, कापणारी, कशी बी. ही न्हाई."

"अगं, पण तुला काय फरक पडतो? आवाजच आहे."

रोझारानं इंग्रजी शब्द जुळवले. तिला ते नेहमीच एकेक करून शोधावे लागायचे, तव्यावरच्या दाण्यासारखे. "तुमी दर बेस्तरवारी वरडवलंत, तर तिसऱ्या बेस्तरवारी आमच्या घरात कुणी चमचा खाली ठेवनार न्हाई. आन् खरंच पेटलं तर ती हाक आमास्नी लागती, साहेब. आमच्याकडं ती येवढीच हाय."

साहेबांना काय कळलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी खांदे उडवले. शेवटी ते म्हणाले, "बरं. साधी तर साधी. येते का पण ती?"

लोरिंगबाई बाजूला सरली. रोझारा पुढं झाली, तोंड वर केलं आणि किंकाळी मारली. शब्द नाही, अर्थ नाही, नुसता आवाज. गुळगुळीत, चढता, शेवटाला बरोबर तुटणारा. काचेपलीकडच्या तंत्रज्ञानं अंगठा दाखवला आणि सँडविचचा घास घेतला.

"झक्कास," साहेब म्हणाले. "गुरुवारी अशीच."

"व्हय," ती म्हणाली. ओठ पुसले, टोपी घातली, आणि दुपारच्या पाळीला उशीर होईल म्हणून जिना न थांबता उतरून गेली. लाँड्रीत हॉटेलच्या चादरींचा ओला ढीग पडला होता. रूळ तापले होते. तिनं पहिल्या चादरीची दोन टोकं धरली, झटकली आणि आत सोडली.